दाराच्या लॅचवरची तारीख मालकाने का वाचायची?

डॅलसकरीण:
मैत्रीण इथे टेक्सासात 2014 ची सेकंडहँड फोर्ड फ्युजन बघतेय. चेसिस नंबर सरकारी साइटवर टाकला, तर दाराच्या लॅचचा रिकॉल (दोष निघाला म्हणून कंपनीने गाडी फुकट दुरुस्तीला बोलावणं) अजून तसाच पडलेला. म्हणून सगळं प्रकरण वाचून काढलं आणि डोकं फिरलं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. लॅच म्हणजे दार बंद धरून ठेवणारी कडी, आणि तिच्यात पॉल नावाचा खटका असतो. त्याची स्प्रिंग ज्या छोट्या कानाला अडकते तो कान या गाड्यांत तुटतो. मग दार लागतच नाही, आणि दोन-चारदा आपटून लागलंच तर चालत्या गाडीत उघडू शकतं. एप्रिल 2015 मध्ये फोर्डने सुमारे 3 लाख 90 हजार गाड्या बोलावल्या. ऑगस्ट 2016 मध्ये आणखी 8 लाख 28 हजार, पण फक्त उष्ण राज्यांतल्या आणि मेक्सिकोतल्या. महिन्याभरात आकडा 24 लाखांच्या घरात. मग ऑगस्ट 2020 मध्ये साडेएकवीस लाख गाड्यांना पुन्हा बोलावणं, कारण आधीच्या रिकॉलमध्ये काही गाड्यांची लॅच नीट बदलली गेली नसावीत.

आता गंमत बघा. या शेवटच्या वेळी मालकांना पर्याय दिला: लॅचवरचा तारखेचा कोड तुम्हीच वाचा, कंपनीच्या साइटवर भरा, तारीख ठीक असेल तर डीलरकडे यायची गरज नाही. म्हणजे प्रशिक्षित मेकॅनिककडून जे निसटलं त्याची तपासणी आता गृहिणीने टॉर्च घेऊन करायची? मला ही सरळ जबाबदारी झटकणं वाटतं.

चाकण_शिफ्ट_बी:
ताई, राग समजतो, पण तुम्ही दोन कामांची गल्लत करताय. लॅच बदलणं हे मेकॅनिकचं काम. दारातलं पॅड काढा, रॉड सोडवा, केबल सोडवा, परत जोडा. त्यात चूक होऊ शकते. कोड वाचणं म्हणजे औषधाच्या पट्टीवरची एक्स्पायरी वाचणं. त्याला कसलं प्रशिक्षण लागतं?

आमच्या लाइनवर प्रत्येक पार्टवर बॅच आणि तारीख मारतात ती याच दिवसासाठी. साडेएकवीस लाख गाड्या, प्रत्येकीला चार-चार दारं धरा. बहुतेकांची लॅच आधीच बदललेली असणार. ते सगळे डीलरच्या दारात रांग लावून बसले, तर ज्याचं लॅच खरंच जुनं आहे तो त्याच रांगेत मागे अडकणार. तुमच्या मैत्रिणीचाच नंबर दोन महिन्यांनी लागेल.

डॅलसकरीण:
एक्स्पायरी चुकीची वाचली तर औषध कडू लागतं. इथे मागच्या सीटवर पोर बसलेलं असतं. आणि सगळ्यांना धातूवर कोरलेली बारीक अक्षरं वाचता येतात हे गृहीत कोणी धरलं? माझ्या सासऱ्यांना मोतीबिंदू आहे, गाडी मात्र ते रोज चालवतात.

मे_महिन्यातला_नागपूरकर:
मोतीबिंदू आहे आणि गाडी चालवतात? त्यांचा वेगळा रिकॉल काढा आधी. 😀

गंमत सोडा. मला तो उष्ण राज्यांचा मुद्दा जास्त खटकला. ऊन आणि तापमान जास्त तिथे तो कान लवकर तुटतो, हे मान्य. पण गाडी काय राज्याच्या सीमेवर थांबते का? आज थंड मिशिगनमधली गाडी उद्या विकून उष्ण ॲरिझोनात. आमच्याकडे मे महिन्यात दुपारी उघड्यावर लावलेल्या गाडीच्या हँडलला हात लावून बघा, मग कळतं दाराचे पार्ट काय सोसतात ते. त्यात पुन्हा दार आपटायची आपली सवय. पाहुणे निघाले की चारही दारं धाडधाड.

चाकण_शिफ्ट_बी:
गाड्या हलतात हे खरं, आणि पुढच्याच महिन्यात ती यादी वाढलीही. पण पहिल्या दिवशी नवीन लॅच आणणार कुठून? सप्लायरकडे एका फटक्यात लाखो नग पडून नसतात. आधी जिथे तुटण्याची शक्यता जास्त तिथे पाठवणार, हे व्यवहाराला धरून आहे. त्या वाढीव रिकॉलपायी 64 कोटी डॉलरचा बोजा कंपनीने हिशेबात दाखवला होता. झटकायचंच असतं तर एवढं कशाला केलं असतं?

डॅलसकरीण:
कोर्टकचेरी याहून महाग पडते म्हणून!

गॅरेजवाला_कोल्हापूर:
दोघांचं भांडण वाचतोय. मी धंद्यातला माणूस, मला विचाराल तर खरी अडचण आहे गिऱ्हाईक. फुकट आहे म्हटलं तरी येत नाही. पत्र आलं तर "सर्व्हिसला बोलवायची ट्रिक असेल" म्हणून टाकून देतो. गाडी विकली की पत्र जुन्या मालकाच्या पत्त्यावर.

आपल्याकडचं उदाहरण घ्या. मार्च 2015 मध्ये मारुतीने अल्टो 800 आणि के10 मिळून 33,098 गाड्या तपासायला बोलावल्या, उजव्या बाजूच्या दाराच्या लॅचसाठी. 8 डिसेंबर 2014 ते 18 फेब्रुवारी 2015 एवढ्याच काळात बनलेल्या. असा नेमका काळ सांगितला की बरं पडतं, माणूस लगेच बघतो आपली गाडी त्यात बसते का. म्हणून मालकाने घरी कोड वाचण्याला माझा विरोध नाही. तो निदान दार उघडून बघेल तरी.

शिवाय एक तपासणी घरी कोणीही करू शकतं. दार उघडा, कडेला लॅचचं तोंड दिसतं. आतला आकडा स्क्रूड्रायव्हरने ढकला. दोनदा टक् झालं पाहिजे: पहिला अर्धा लागल्याचा, दुसरा पूर्ण. ढिला फिरत असेल किंवा धरतच नसेल, तर गाडी हलवू नका. आणि हो, हँडल ओढून आकडा सोडवल्याशिवाय दार आपटू नका, नाहीतर स्ट्रायकरवर (चौकटीवरच्या ज्या दांड्याला आकडा धरतो त्यावर) आपटेल आणि पत्रा-रंगाचं बिल तुमच्या गळ्यात.

चाकण_शिफ्ट_बी:
भाऊंनी बरोबर सांगितलं. अमेरिकेच्या गाड्यांच्या दारांसाठीच्या 206 नंबरच्या सुरक्षा मानकातही या दोन टप्प्यांना वेगवेगळी ताकद मागितली आहे. पूर्ण लागलेल्या लॅचने गाडीच्या लांबीच्या दिशेने 11,000 न्यूटन (बलाचं एकक) सोसायला हवं, अर्ध्यावरच्याने 4,500. पण आज टक् झालं म्हणजे कान उद्या तुटणार नाही असं नाही. जुन्या तारखेचं लॅच निघालं तर टक् झालं तरी बदलायचंच.

डॅलसकरीण:
हेच! "दार तर नीट लागतंय" म्हणून लोक कोड न बघताच गप्प बसणार. चाइल्ड लॉक लावलंय म्हणून निश्चिंत राहणारे तर ढिगाने भेटतील. अहो, चाइल्ड लॉक फक्त आतलं हँडल बंद करतं, लॅचच सुटलं तर ते काय धरणार?

अकोल्याची_वकीलबाई:
कायद्याचं थोडं. भारतात मोटार वाहन कायद्यात 2019 च्या दुरुस्तीने कलम 110-ए आलं आणि 1 एप्रिल 2021 पासून सक्तीच्या रिकॉलचे नियम लागू झाले. दंड 10 लाखांपासून 1 कोटीपर्यंत. पण सात वर्षांच्या आतल्या गाड्यांपुरतंच. आपल्याकडे सात वर्षांची गाडी म्हणजे नुकती दुसऱ्या मालकाकडे गेलेली! अमेरिकेत दोष ठरला त्या दिवशी गाडी 15 वर्षांच्या आतली असली की दुरुस्ती फुकट. त्यामुळे डॅलसकरीण, तुमच्या मैत्रिणीला खिशातून काही घालावं लागणार नाही. रांगेला कंटाळलात तरी तुमच्याकडे रांग आहे, एवढंच म्हणते.

मे_महिन्यातला_नागपूरकर:
पण विकणारा ती दुरुस्ती न करता गाडी विकूच कशी शकतो?

अकोल्याची_वकीलबाई:
तिथली मोठी पळवाट तीच. 35 किंवा त्याहून जास्त गाड्या ठेवणाऱ्या भाड्याच्या कंपन्यांना रिकॉल बाकी असलेली गाडी भाड्याने देता येत नाही, तसा कायदा 2015 मध्ये झाला. जुन्या गाड्या विकणाऱ्यांवर मात्र देशभर अशी बंदी नाही. चार दिवस भाड्याने घेणाऱ्याला संरक्षण, दहा वर्षं वापरणाऱ्याला नाही. तुम्हाला भांडायचंच असेल तर यावर भांडा, लॅचवरच्या कोडवर नको.

डॅलसकरीण:
दोन्हीवर भांडीन. 😤 मैत्रिणीने विकणाऱ्याला कळवलंय: आधी डीलरकडून काम करून आण, मगच पैसे. तो म्हणतो, "घेतल्यावर तुम्ही करा, फुकटच तर आहे."

चाकण_शिफ्ट_बी:
काम झाल्याची पावती मागा आणि कोणकोणत्या दारांचं लॅच बदललं ते त्यावर लिहून घ्या. 2020 चं बोलावणं आधीच्या अशाच घोळामुळे आलं होतं. आणि पावती मिळाली तरी चारही कोड एकदा स्वतः वाचा.

डॅलसकरीण:
म्हणजे शेवटी टॉर्च माझ्याच हातात!

गॅरेजवाला_कोल्हापूर:
वहिनी, मोबाइलने फोटो काढून मोठा करून बघा. सासऱ्यांनाही दिसेल.