स्वल्पविराम पुरेसा नाही
इंग्रजी वाक्याच्या आरंभी येणाऱ्या विशेषक वाक्यांशानंतर (म्हणजे मुख्य वाक्यातील कोणाविषयी तरी अधिक माहिती देणाऱ्या शब्दसमूहानंतर) स्वल्पविराम दिला की संदिग्धता उरत नाही, असे एक मत आहे; ते मला अपुरे वाटते. ‘वॉकिंग अलाँग मरीन ड्राइव्ह, द रेन स्टार्टेड’ या वाक्यात स्वल्पविराम योग्य जागी आहे. तरीही रचनेनुसार मरीन ड्राइव्हवरून चालतो आहे तो पाऊस, कारण अशा वाक्यांशाचा कर्ता वाचक मुख्य वाक्याच्या कर्त्यातच शोधतो. आपल्याकडून ही चूक वारंवार होण्याचे कारण माझ्या मते मराठीच्या सवयीत आहे. ‘मरीन ड्राइव्हवरून चालताना पाऊस सुरू झाला’ हे मराठी वाक्य निर्दोष आहे, कारण ‘चालताना’ या रूपाचा कर्ता मुख्य क्रियापदाच्या कर्त्याहून वेगळा असू शकतो. इंग्रजीत मात्र कर्ता उघडपणे लिहावा: ‘ॲज आय वॉज वॉकिंग अलाँग मरीन ड्राइव्ह, द रेन स्टार्टेड’.

इंग्रजी वाक्यात ‘ओन्ली’ (फक्त) हा शब्द कुठे ठेवावा, हा प्रश्न याहून सोपा आहे; ज्या शब्दसमूहाला मर्यादा घालायची, त्याच्या लगत आधी तो ठेवावा. ‘व्हिजिटर्स मे पार्क हिअर ओन्ली ऑन संडेज’ असे लिहिल्यास पाहुण्यांना गाडी लावण्याची परवानगी फक्त रविवारपुरती आहे, हे स्पष्ट होते. बोलताना शब्दावर दिलेल्या जोरामुळे अर्थ सावरला जातो, परंतु सोसायटीच्या लेखी सूचनेला तो आधार नसतो.