बीएस्सी नर्सिंगचा प्रेफरन्स फॉर्म: कॉलेजं कोणत्या क्रमाने टाकू? घराजवळचं की लांबचं?

जिंतूरची_पोर
नमस्कार सगळ्यांना. बारावी झाली यंदा, पीसीबीला ६४ टक्के आणि नर्सिंग सीईटीला ८१ पर्सेंटाइल आलेत. ओबीसी आहे, बाबांची शेती आणि गावात छोटं किराणा दुकान, उत्पन्न ८ लाखाच्या खूपच खाली. आता कॅपचा (सीईटी सेलची केंद्रीय ॲडमिशन प्रक्रिया) प्रेफरन्स फॉर्म भरायचाय आणि घरात रोज त्याच्यावरून बैठक बसतीये. सरकारी कॉलेजं (मुंबईचं जेजे, ससून, नागपूर मेडिकल वगैरे) सगळ्यात वर टाकणार हे ठरलंय, लागो न लागो. प्रश्न त्याच्या खालचा आहे. आमच्या इथून बारा-पंधरा किलोमीटरवर एक नवीन प्रायव्हेट कॉलेज निघालंय, बिल्डिंग एकदम भारी, लॅब एसी, मामा म्हणतो पोरगी घरून ये-जा करेल, हॉस्टेलचा खर्च वाचेल. माझ्या मनात सेवाग्रामचं कस्तुरबा आहे पण आई म्हणते एवढ्या लांब कशाला. त्यात एका डीम्डवाल्यांचे (विद्यापीठाचा दर्जा असलेलं खाजगी कॉलेज) रोज फोन, "आजच सीट ब्लॉक करा ताई". आणि परवा एक एजंट घरी येऊन गेला, बंगळुरूला करून देतो म्हणाला, सीईटीचं काही नाही, कॉलेजला रोज यायचीही गरज नाही, फक्त परीक्षेला या. बाबांना ते पटल्यासारखं वाटतंय कारण तो गोड बोलला. कृपया कुणी नर्सिंग केलेलं असेल तर सांगा क्रम कसा लावायचा आणि कॉलेजमध्ये नेमकं काय बघायचं. वेबसाइट सगळ्यांच्या सारख्याच दिसतात, सगळीकडे तोच गुलाबाचा बुके घेतलेला पाहुणा आणि दिवा लावणाऱ्या मुली.

वॉर्ड_नंबर_७
बाळा आधी त्या एजंटला परत घरात घेऊ नको. "कॉलेजला यायची गरज नाही" हे नर्सिंगमध्ये कुणी म्हणालं की तिथेच विषय संपला. बंगळुरू वाईट नाही हां, सेंट जॉन्ससारखी नाव घेण्यासारखी कॉलेजं आहेत तिकडे, पण तिथे असं बोलणारा माणूस दारात येत नाही.

मी बीएस्सी करून आता सरकारी हॉस्पिटलला अधिपरिचारिका आहे. तू बिल्डिंग आणि एसी लॅब सोड, एकच विचार, या कॉलेजच्या पोरी शिकायला जातात कुठल्या हॉस्पिटलला आणि तिथे पेशंट आहेत का. बाकी सगळं नंतर. चार वर्षांतला अर्ध्याहून जास्त वेळ तुझा क्लिनिकलला जाणार आहे, वर्गात नाही. पहिल्या वर्षी बेड मेकिंग, टीपीआर (ताप, नाडी, श्वास मोजणं), स्पंजिंग यातच जीव जातो आणि वाटतं हेच करायला आलो का, पण मग मेडिसिन, सर्जरी, लहान मुलांचा वॉर्ड, लेबर रूम, सायकॅट्रीची पोस्टिंग, मग सीएचएनला (कम्युनिटी हेल्थ नर्सिंग) खेड्यात घरोघर, आणि तिथे समोर खरा माणूस नसेल तर तू काय शिकणार. आमच्या वॉर्डात नवीन जॉइन होणाऱ्या पोरी येतात ना, पहिल्या आठवड्यात कळतं कोण कुठून आलीये. काहींना खऱ्या हातावर व्हेन सापडत नाही कारण आयुष्यभर डमीच्या रबरी हातावर टोचलेलं. हुशार असतात गं, मार्क माझ्यापेक्षा जास्त असतात, पण कॉलेजने पेशंटच दाखवला नाही त्याला त्या काय करणार. रडतात बिचाऱ्या स्टोअर रूममध्ये जाऊन.

दुसरी बाजू पण सांगते. सरकारीला विद्यार्थिनींना फुकटची माणसं म्हणून वापरतात, स्टाफ कमी असतो, इन्चार्ज सिस्टर सँपल घेऊन लॅबला पळवते, ट्रॉली ढकलायला लावते, शिकवायला कुणाला वेळ नसतो. तरीही मी तेच वर टाकेन. पळता पळताही डोळ्यासमोर इतकं घडतं की न शिकवता शिकायला होतं.

निवृत्त_ट्यूटर_नाशिक
वरच्या ताईंशी सहमत, त्यात थोडी भर घालतो. मी बरीच वर्षं नर्सिंग कॉलेजात शिकवलंय, एकदा-दोनदा इन्स्पेक्शनच्या बाजूलाही बसलोय.

इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या निकषांप्रमाणे बीएस्सीच्या कॉलेजला स्वतःचं किमान १०० बेडचं पेरेंट हॉस्पिटल पाहिजे. विद्यार्थी-पेशंट प्रमाण १:३, शिक्षक-विद्यार्थी १:१०. कागदावर हे सगळीकडे असतं. इन्स्पेक्शनच्या दिवशी बेडवर माणसं पण असतात, सलाईन लावून झोपलेली, त्यातली निम्मी संध्याकाळी पायी घरी जातात! म्हणून मुली तू कागद बघू नकोस, साध्या मंगळवारी किंवा बुधवारी सकाळी आठच्या आत बाबांना घेऊन त्या कॉलेजच्या हॉस्पिटलला जा, न सांगता. ओपीडीच्या बाहेर चपला किती आहेत बघ. युनिफॉर्ममधल्या मुली वॉर्डात शिरताना दिसतात का, का सगळ्या कॉलेजच्या बागेतच. मग गेटवरच्या चहावाल्याकडे थांब आणि दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या मुलींना विचार, लेबर रूमला पोस्टिंग कुठे लागतं, केसबुक (हाताळलेल्या केसेसची नोंदवही) कसं भरता. मिडवाइफरीच्या केसबुकात ठरावीक डिलिव्हरी स्वतः केलेल्या नोंदवाव्या लागतात. जिथे डिलिव्हरीच होत नाहीत तिथे सीनियरच्या वहीवरून कॉपी होते, मुली ते हसत हसत सांगतात सुद्धा. हे ऐकलंस की त्या कॉलेजचं नाव यादीच्या तळाला ने, किंवा काढूनच टाक.

स्वतःचं हॉस्पिटल लहान असेल पण सिव्हिल हॉस्पिटलशी टायअप असेल तर तेही चालतं, फक्त बस कॉलेजची आहे का आणि रोज नेतात का तेवढं विचार. आणि एमयूएचएसच्या (महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ) वेबसाइटवर संलग्न कॉलेजांची यादी असते, त्यात नाव आणि इनटेक (मंजूर जागा) बघून घे. ही पाच मिनिटांची गोष्ट लोक करत नाहीत.

शेतकरी_बाप_बार्शी
माझी मुलगी दुसऱ्या वर्षाला आहे. पैशाचं सांगतो कारण ते कुणी सांगत नाही. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार ओबीसी, ईडब्ल्यूएस, एसईबीसी मुलींना ८ लाखाच्या आत उत्पन्न असेल तर शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क १०० टक्के माफ आहे, प्रायव्हेट कॉलेजला पण, पण अट अशी की ॲडमिशन कॅपमधून पाहिजे. मॅनेजमेंट कोट्यातून घेतली की गेलं. डीम्डला नाही. म्हणजे तो रोज फोन करणारा डीम्डवाला तुम्हाला जी "सवलत" सांगतोय ती तुमच्या हक्काच्या माफीपुढे काहीच नाही, नीट हिशोब करा. राहिला हॉस्टेल, मेस, युनिफॉर्म, पुस्तकं आणि "इतर शुल्क" नावाचा प्रकार. तो इतर शुल्काचा आकडा आधी लेखी मागा. आमच्याकडून तिथेच घेतले आणि पावती पण अर्ध्याचीच. प्रायव्हेट कॉलेजची मंजूर फी शुल्क नियामक प्राधिकरणाच्या साइटवर कॉलेजवार असते, ती प्रिंट काढून खिशात ठेवून जा, बोलणं बदलतं समोरच्याचं.

परभणीकर_९०
सगळे लांब पाठवायला निघालेत पोरीला. माझं मत वेगळं. माझी बहीण घरून ये-जा करून नर्सिंग शिकली, आज नोकरीला आहे. हॉस्टेलला पोरी आजारी पडतात, मेसचं जेवण, घरच्यांचा जीव टांगणीला. डिग्री शेवटी एकाच विद्यापीठाची ना? मार्कलिस्टवर तर एमयूएचएसच लिहून येणार. मग एवढं कशाला.

वॉर्ड_नंबर_७
@परभणीकर_९० दादा तुमच्या बहिणीचं कॉलेज कुठल्या हॉस्पिटलला जोडलेलं होतं तेवढं सांगा.

परभणीकर_९०
सिव्हिलला जात होती.

वॉर्ड_नंबर_७
मग तेच तर म्हणतेय! सिव्हिलला जात होती म्हणून शिकली. इथे त्या नवीन कॉलेजच्या पोरी कुठे जातात ते कुणालाच माहीत नाही अजून. घराजवळ असायला माझी काहीच हरकत नाही, पेशंट असले की झालं. आणि अजून एक, सकाळची पोस्टिंग पावणेआठला सुरू होते, पुढच्या वर्षी नाईट पण लागतात. बारा-पंधरा किमी एसटीने येऊन-जाऊन हे कसं जमवणार तेही मामाला विचारा.

ब्रदर_सोलापूर
मी मुलगा असल्यामुळे मला यादीच छोटी होती, एसएनडीटीचं एलटी कॉलेज मुलींचं, एएफएमसीचं (पुण्याचं लष्करी मेडिकल कॉलेज) मुलींचंच, अजूनही कित्येक ठिकाणी "फक्त मुली". तू नशीबवान आहेस, पर्याय वापर.

फॉर्मबद्दल लोक उगाच घाबरतात म्हणून सांगतो. सिस्टीम वरून खाली येते, तुझ्या पर्सेंटाइलला आणि कॅटेगरीला जे पहिलं मिळण्यासारखं असेल ते देते आणि थांबते. त्यामुळे वर जेजे-ससून टाकल्याने खालच्याचा चान्स कमी होतो वगैरे सगळी भानगड खोटी आहे. क्रम फक्त आवडीचा लाव, कटऑफ बघून नाही. मागच्या वर्षीचा कटऑफ बघायचा तो यादी किती लांब करायची हे ठरवायला. आणि जिथे अजिबात जायचं नाही ते टाकूच नको, शेवटी पण नको, कारण तेच लागतं आणि मग घरचे म्हणतात लागलंय तर जा. पुढच्या राऊंडला वरचं कॉलेज लागलं की आधीची सीट आपोआप जाते, त्यामुळे बेटरमेंटला जाताना विचार करून जा. मिळालेल्यावर खूश असशील तर स्टेटस रिटेन्शन (आहे तीच सीट ठेवायचा फॉर्म) भरून मोकळी हो. यंदाचे नेमके नियम सीईटी सेलच्या माहिती पुस्तिकेत असतात, ते पीडीएफ एकदा शेवटपर्यंत वाच, कॅफेवाल्यावर सोडू नको. फॉर्म पण स्वतः बसून भर, कॅफेवाला घाईत कोड चुकवतो.

आणि काहीच लागलं नाही तर जीएनएमला (नर्सिंगचा डिप्लोमा) नाक मुरडू नका कुणी. तीन वर्षांचा आहे, नंतर दोन वर्षांचं पोस्ट बेसिक करून बीएस्सी होता येतं. फरक एवढाच की एम्सच्या नॉरसेटला (नर्सिंग ऑफिसर भरतीची परीक्षा) बीएस्सीवाले पास होऊन थेट बसतात, जीएनएमवाल्यांना ५० बेडच्या हॉस्पिटलचा २ वर्षांचा अनुभव लागतो. आणि नॉरसेटला ८० टक्के जागा मुलींना, म्हणजे माझ्यासारख्यांनी काय करायचं ते देव जाणे 😄

स्टुटगार्टहून_मीनल
जर्मनीत नर्स आहे, मूळची सांगलीची. बाहेर जायचा विचार आत्ता नसेलही पण चार वर्षांनी येतो, सगळ्यांनाच येतो, म्हणून एक मुद्दा. इथे रेकग्निशनला (आपली डिग्री मान्य करून घ्यायला) कॉलेजकडून विषयवार थिअरीचे तास, प्रॅक्टिकलचे तास, कुठल्या वॉर्डात किती, असं सगळं सही-शिक्क्यानिशी लागतं. जुन्या, नीट ऑफिस असलेल्या कॉलेजच्या मुलींना ते पटकन मिळतं. माझ्यासोबतच्या एका मुलीचं कॉलेज मधल्या काळात बंदच पडलं, तिची कागदासाठी काय फरपट झाली ते बघितलंय. त्यामुळे पहिलीच बॅच असेल तर दहादा विचार कर. भाषेचं नंतर बघू, बी२ पर्यंत जर्मन करावी लागते, ती होते, केसबुक मात्र मागे जाऊन भरता येत नाही.

जिंतूरची_पोर
बापरे किती लिहिलंत सगळ्यांनी, खूप खूप थँक्यू. सगळं बाबांना वाचून दाखवलं. चहावाल्याचं बाबांना फार आवडलं, म्हणाले हे मला जमेल. आज सकाळी आम्ही त्या जवळच्या कॉलेजला न सांगता जाऊन आलो. हॉस्पिटल आहे, बोर्डवर १०० बेड लिहिलंय, आत एक काका आणि त्यांची बायको बसलेली होती आणि एक वॉर्ड कुलूप लावलेला. रिसेप्शनच्या मॅडम म्हणाल्या अजून सुरू व्हायचंय सगळं, तुम्ही ॲडमिशन घ्या तोपर्यंत होईल. मामा गप्प आहे सध्या.

तर यादी अशी केलीये, सरकारी सगळी वर, मग सेवाग्राम, मग ट्रस्टची अशी दोन-तीन जुनी ज्यांचं स्वतःचं मोठं हॉस्पिटल आहे, मग संभाजीनगर-नांदेडकडची जी सिव्हिल किंवा मेडिकलला नेतात असं फोनवर म्हणाले, त्यातल्या दोघांकडे बाबा रविवारनंतर जाणार आहेत. डीम्ड काढलं. एजंटचा नंबर ब्लॉक.

एकच शंका राहिली, माझं नॉन क्रीमी लेयर मागच्या वर्षी अकरावीत काढलेलं आहे, ते चालेल का? आणि जात व्हॅलिडिटीची (जात पडताळणी) पावती आहे, ओरिजिनल अजून हातात नाही.

शेतकरी_बाप_बार्शी
नॉन क्रीमी लेयरवर खाली "पर्यंत वैध" अशी तारीख असते ती बघ. ज्या वर्षी ॲडमिशन घेतेस त्या वर्षाच्या पुढच्या ३१ मार्चपर्यंत वैध पाहिजे. त्याच्या आधी संपत असेल तर आजच सेतूला जाऊन नवीन टाक, प्रांत ऑफिसला सही व्हायला वेळ लागतो आणि ॲडमिशनच्या दिवसांत तिथे रांग असते. सोबत तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला पण ताजा काढ, फी माफीला तो वेगळा लागतो. व्हॅलिडिटीचं पावतीवर किती दिवस चालवून घेतात ते माहिती पुस्तिकेत बघ, त्याच्या भरवशावर राहू नको. परभणीच्या जात पडताळणी समितीच्या ऑफिसला बाबांना स्वतः पाठव, अर्जाचा नंबर आणि सीईटीचं स्कोअर कार्ड घेऊन. ॲडमिशन अडलंय असं दाखवलं की फाइल वर येते, आमची तशीच आली.

निवृत्त_ट्यूटर_नाशिक
आणि ओरिजिनल जमा करायच्या आधी प्रत्येक कागदाच्या चार-चार झेरॉक्स आणि मोबाइलवर स्कॅन करून ठेव. कॉलेजकडे गेलेले कागद मध्येच स्कॉलरशिपला लागले तर ऑफिसातला क्लार्क सुट्टीवर असतो.