मदत हवी आहे: टीम मीटिंगमध्ये गप्प बसते, मुदत तीन आठवड्यांवर आलीये, सोमवारी काय बोलू?

नवी_लीड | शुक्रवार, रात्री १०:४०

घाईत लिहितेय, चुका सांभाळून घ्या.

दोन महिन्यांपूर्वी मला टीम लीड केलं. ज्यांच्या शेजारी बसून काम करायचे तीच माणसं आता माझ्या टीममध्ये आहेत. गेल्या महिन्यात दोघं सोडून गेले. काम तेवढंच, मुदत तीच. रोज सकाळी पंधरा मिनिटांची मीटिंग घेते. प्रत्येक जण "चालू आहे", "होतंय" म्हणतो आणि संध्याकाळी कळतं की झालेलंच नाही. काही अडचण आहे का विचारलं की सगळे टेबलाकडे बघतात. दोन सीनियर एकमेकांशी बोलत नाहीत, निरोप माझ्यामार्फत जातात. काल एकीने तर सांगून टाकलं, "तू सांग, आम्ही करतो."

सोमवारी साडेनऊला सगळ्यांना एकत्र बसवणार आहे. नेमकं काय बोलू? कडक व्हावं का? पुस्तकं सुचवू नका, वाचायला वेळ नाही.

पाऊलखुणा | शुक्रवार, रात्री १०:५८

टीम किती जणांची? काम काय आहे? मुदत कोणी ठरवली आणि ती चुकली तर नेमकं काय होतं? दोघं का गेले? हे कळल्याशिवाय कोणी काहीही सांगितलं तरी अंधारात दगड मारल्यासारखं होईल.

सरळ_रेषा | शुक्रवार, रात्री ११:०५

कडक व्हाच. मी १२ वर्षं टीम सांभाळतोय. कालपर्यंत सोबत बसलेली माणसं तुम्हाला लीड मानत नाहीत, मूळ दुखणं हे आहे. उपाय: एक शेअर्ड शीट. नाव, काम, किती टक्के झालं, कधी संपणार. रोज संध्याकाळी सहाला प्रत्येकाने भरायची. न भरणाऱ्याचं नाव दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर. दोन आठवड्यांत "होतंय" हा शब्द ऐकू येणार नाही.

उंबरठा | शुक्रवार, रात्री ११:२१

@सरळ_रेषा, टक्क्यांचा रकाना मीही चालवलाय. पहिल्या आठवड्यात काम ९० टक्क्यांवर पोचतं आणि पुढे महिनाभर ९० वरच राहतं. लोक खोटं बोलत नसतात, उरलेलं काम किती आहे ते त्यांनाच कळलेलं नसतं.

त्यापेक्षा काम एवढं बारीक तोडा की त्याला दोनच उत्तरं राहतील, झालं किंवा नाही झालं. सकाळी "काय करताय" विचारू नका. "संध्याकाळी मला काय दाखवाल" एवढंच विचारा.

सरळ_रेषा | शुक्रवार, रात्री ११:३०

तोडायला वेळ आहे का त्यांच्याकडे? तीन आठवडे म्हणतायत. शीट अर्ध्या तासात तयार होते.

काचेपलीकडे | शुक्रवार, रात्री ११:४४

अभिनंदन! लीड झालाच आहात तर पीएमपी हे प्रोजेक्ट मॅनेजमेंटचं सर्टिफिकेट लवकर करून घ्या. परीक्षेआधी ३५ तासांचं प्रशिक्षण लागतं, ते ऑनलाइनही होतं. पुढच्या बढतीला उपयोग होईल. माझ्या भावाने केलं, त्याला खूप फायदा झाला.

नवी_लीड | शनिवार, सकाळी ७:१०

सर्टिफिकेटबद्दल मी विचारलेलं नाही. सोमवारबद्दल विचारलंय.

@पाऊलखुणा, आठ जण होतो, आता माझ्यासह सहा. डेटा मायग्रेशन आहे, ग्राहकांच्या नोंदी जुन्या सिस्टममधून नव्यात न्यायच्या आणि ताळा घ्यायचा. मुदत हलत नाही, कारण महिनाअखेरीस जुन्या सिस्टमचं लायसन्स संपतं. हे वेगळं लिहायला हवं असं वाटलं नव्हतं. दोघांना बाहेर चांगल्या नोकऱ्या मिळाल्या.

वरून निरोप आलाय की हवी असतील तर सोमवारपासून चार माणसं देतो. घ्यावीतच ना?

उंबरठा | शनिवार, सकाळी ८:०२

थांबा, लगेच हो म्हणू नका. फ्रेड ब्रूक्स म्हणून होते, आयबीएममध्ये ओएस/३६० या ऑपरेटिंग सिस्टमचं प्रचंड काम त्यांनी सांभाळलं. १९७५ मध्ये त्यांनी लिहून ठेवलंय की उशीर झालेल्या सॉफ्टवेअरच्या कामात माणसं वाढवली की उशीर आणखी वाढतो. गणित साधं आहे. सहा माणसांत बोलणाऱ्या जोड्या १५ होतात, दहा माणसांत ४५. वर त्या चौघांना शिकवणार कोण? ज्यांच्या हातात आत्ता काम आहे तेच.

निवृत्त_फोरमन | शनिवार, सकाळी ८:४०

उंबरठा, अर्धंच सांगितलंत. जे काम सरळ वाटून देता येतं, ज्यात एकाला दुसऱ्याशी बोलावं लागत नाही, तिथे माणसं वाढवली तर वेळ वाचतो, हेही ब्रूक्सनी तिथेच मान्य केलंय. ताळा घेणं हे तसं काम आहे. डावीकडची नोंद, उजवीकडची नोंद, जुळतंय की नाही. याला अर्ध्या दिवसाचं शिक्षण पुरतं. ताई, चार नका घेऊ, दोन घ्या, फक्त ताळ्याला बसवा आणि त्यांच्या शंका टीममधल्या एकाच माणसाने सोडवायच्या असं ठरवा.

आता गप्प बसण्याबद्दल. मी जन्मभर कारखान्यात होतो. टोयोटाच्या लाइनवर दोरी असते हे आम्हालाही शिकवलं होतं. कामगाराला काही चुकतंय असं वाटलं की तो दोरी ओढतो. लाइन त्या क्षणी थांबत नाही, आधी टीम लीडर त्याच्याजवळ येतो, आणि ठरलेल्या वेळात अडचण सुटली नाही तरच थांबते. आमच्याकडेही दोरी लावली. पहिल्याच आठवड्यात एका पोराने ओढली, तर सुपरवायझर लांबूनच ओरडत आला, "आता काय झालं?" त्यानंतर मी तिथे होतो तोवर ती दोरी कोणी ओढलेली पाहिली नाही. दोरी होती, रोज पुसलीही जायची.

तुमची सकाळची मीटिंग ही तुमची दोरी. पहिल्यांदा कोणी ओढली तेव्हा काय झालं, ते आठवा.

रात्रपाळी | शनिवार, सकाळी ९:१५

फोरमनकाकांशी पूर्ण सहमत. मी नर्स आहे. एमी एडमंडसन या संशोधिकेने नव्वदच्या दशकात रुग्णालयांतल्या टीममधल्या औषधांच्या चुका तपासल्या. जिथे टीम चांगली तिथे चुका कमी सापडतील असा अंदाज होता. आकडे उलटे आले, चांगल्या टीममध्ये नोंदलेल्या चुका जास्त होत्या. तिथली माणसं चूक झाली की सांगत होती, बाकीकडे दाबली जात होती.

हे मी दोन्ही बाजूंनी पाहिलंय. एका वॉर्डमध्ये मी स्वतः डोस चुकल्याचं चार तास सांगितलं नाही, कारण तिथल्या सिस्टर ओरडायच्या. रुग्ण सुखरूप राहिला, पण ते चार तास मी विसरलेले नाही.

म्हणून एकच प्रश्न विचारते. तुमच्या टीममध्ये शेवटची चूक कोणी सांगितली आणि तेव्हा तुम्ही काय केलंत?

क्षितिजापार | शनिवार, सकाळी ९:५०

विमानांतही हेच. २७ मार्च १९७७, स्पेनच्या टेनेरिफ बेटावरचा विमानतळ. धुक्यात दोन जंबो जेट एकाच धावपट्टीवर. उड्डाणासाठी धावू लागलेल्या विमानात फ्लाइट इंजिनिअरने शंका काढली, समोरचं विमान अजून धावपट्टीवरून बाजूला झालं नाही का? कॅप्टन ठामपणे "झालंय" म्हणाला आणि दुसऱ्यांदा कोणी विचारलं नाही. ५८३ माणसं गेली. पुढे कॉकपिटमधलं प्रशिक्षण बदलण्यामागे हा अपघात मोठं कारण होता. कनिष्ठाने ठासून बोलायचं आणि कॅप्टनने थांबून ऐकायचं, दोन्ही शिकवायला लागले.

सरळ_रेषा | शनिवार, सकाळी १०:०५

विमान पडणं आणि नोंदी हलवणं यांची तुलना मला पटत नाही. तिथे जीव जातो, इथे मुदत जाते. धागा भरकटतोय.

क्षितिजापार | शनिवार, सकाळी १०:१२

बोलायला घाबरणारा माणूस दोन्हीकडे सारखाच असतो, मुद्दा तेवढाच होता. पण जंबो जेटच्या मागच्या हवेच्या भोवऱ्यांवर वेगळा धागा काढायचा बरेच दिवस मनात आहे. कोणाला रस असेल तर सांगा.

नवी_लीड | शनिवार, दुपारी १:३०

@रात्रपाळी, मी कोणावर ओरडत नाही. उलट कोणी चूक सांगितली की "राहू दे, मी बघते" म्हणते आणि रात्री घरी बसून स्वतः दुरुस्त करते. महिनाभर साडेबाराच्या आधी झोपलेले नाही. सकाळी त्यांना फाइल नीट केलेली मिळते. याहून जास्त काय करायचं?

आणि हो, दोन सीनियरपैकी एकाने याच पदासाठी अर्ज केला होता. तो दुसरीशी बोलत नाही, कारण तिने माझं नाव सुचवलं असं त्याला वाटतं. हा जुना विषय आहे, त्याचा इथे संबंध नाही.

पाऊलखुणा | शनिवार, दुपारी २:०५

संबंध आहे. सगळ्यात जास्त याचाच आहे. हे दोन परिच्छेद कालच लिहिले असते तर निम्मे प्रतिसाद वाचले असते.

पहिलं, रात्रीची दुरुस्ती. तुम्ही ती प्रेमाने करताय यात शंका नाही. पण समोरच्याला काय दिसतं? त्याने सांगितलेली चूक सकाळी गायब असते, कशी चुकली होती ते त्याला कळत नाही, आणि आपल्या कामावर हिचा भरवसा नाही एवढं मात्र नक्की कळतं. मग तो काय म्हणेल? "तू सांग, आम्ही करतो." तेच तर म्हणतायत. मीही हेच केलंय, सात महिने. आजारी पडून आठवडाभर घरी राहिले तेव्हा टीमने स्वतः पहिली फाइल पूर्ण केली.

दुसरं, तो सीनियर. त्याच्याशी सोमवारच्या मीटिंगआधी एकट्याने बोला, उद्याच फोन करा. समजूत घालू नका, कौतुकाने सुरुवात करू नका. सरळ म्हणा, "हे पद तुला हवं होतं, मला मिळालं. आपण दोन महिने यावर बोललो नाही, ते मी आधीच बोलायला हवं होतं. तुला माझ्याकडून काय अडचण होते ते ऐकायचंय." मग गप्प बसा. तो दहा सेकंद बोलला नाही तरी मधे बोलू नका. तुमचं नाव कोणी सुचवलं याचा खुलासा करत बसू नका. त्याने विचारलं तर खरं सांगा.

तिसरं, मीटिंगमध्ये "काही अडचण आहे का" हा प्रश्न बंद करा. त्याला "नाही" हेच उत्तर येतं. त्याऐवजी विचारा, "महिनाअखेरीस हे फसलं तर कशामुळे फसलेलं असेल?" प्रत्येकाने आधी कागदावर लिहायचं, मग वाचायचं, सर्वांत नव्या माणसापासून सुरुवात. सीनियर आधी बोलले की बाकीचे मान डोलावतात.

आणि सुरुवात तुमच्या रात्रीच्या दुरुस्त्यांपासून करा. किती फाइल बदलल्या ते आकड्यात सांगा.

सरळ_रेषा | शनिवार, दुपारी २:४०

दोन महिन्यांच्या लीडने सगळ्यांसमोर स्वतःची चूक कबूल करायची? ज्याला ते पद हवं होतं तो समोर बसलेला असताना? याने पकड सुटेल. मी माझ्या अनुभवावरून सांगतोय.

रात्रपाळी | शनिवार, दुपारी ३:०१

पकड आत्ता तरी कुठे आहे? सहापैकी पाच जण टेबलाकडे बघतायत.

उंबरठा | शनिवार, दुपारी ३:२०

सरळ_रेषांचा एक मुद्दा घ्यावा असा आहे. कबुली एका मिनिटात संपवा. माफी लांबली की टीमलाच तुमची समजूत काढावी लागते आणि कामाचं राहून जातं.

अजून एक. लायसन्स महिनाअखेरीस संपतंय हे ठीक, पण सगळ्याच नोंदी तोवर *नव्या सिस्टममध्ये* असायला हव्यात का? बंद झालेल्या खात्यांचा पूर्ण डेटा जुन्या सिस्टममधून फाइलमध्ये काढून ठेवा, चालू खाती आधी न्या. मुदत हलत नसेल तर काम किती ते हलतं का बघा. हे टीमला नाही, तुमच्या वरच्यांना विचारायचं आहे, आणि तेही सोमवारच्या आधी.

नवी_लीड | मंगळवार, रात्री ९:१५

सगळ्यांचे आभार. शुक्रवारी, शनिवारी चिडून लिहिलं होतं, काचेपलीकडे यांना तुटक बोलले, त्याबद्दल माफ करा.

रविवारी सीनियरला फोन केला. वीस मिनिटं बोललो, त्यातली पंधरा तोच. गोड काही नव्हतं. "तू माझी फाइल रात्री बदलतेस आणि सकाळी मला विचारत नाहीस, मी शिकाऊ आहे का?" असं म्हणाला. पद न मिळाल्याचा राग आहेच, तो गेलेला नाही. दुसऱ्या सीनियरशी अजून बोलत नाही.

सोमवारी मोजून सांगितलं, ३४ फाइल मी न विचारता बदलल्या. मग कागद वाटले. सर्वांत नव्या मुलाने वाचलं की एका गठ्ठ्यात तारखांचे दिवस आणि महिने उलटे गेलेत. त्याला सहा दिवसांपासून माहीत होतं. का सांगितलं नाहीस, हे तोंडावर आलं होतं, ते गिळलं आणि "तुला कसं सापडलं" विचारलं. मग तो बोलत राहिला. त्याच्यानंतर आणखी दोघांनी असंच काही काढलं.

बंद खात्यांबद्दल वरच्यांशी बोलले. फाइलमध्ये काढायला हो म्हणाले, पण गेल्या वर्षभरात बंद झालेली खाती नव्या सिस्टममध्ये हवीतच. म्हणजे अर्धंच सुटलं. माणसं दोनच घेतली, ताळ्याला.

मुदत गाठू असं आज छातीठोक सांगता येत नाही.

उंबरठा | मंगळवार, रात्री ९:४०

तारखांचं जपून. दिवस १२ च्या पुढचा असेल तर उलटापालट लगेच दिसते, १३ वा महिना नसतोच. पण ५ मार्चचं ३ मे झालं तर दोन्ही तारखा खऱ्या वाटतात. तो मुलगा फक्त अडकलेल्या नोंदी बघत असेल तर तेवढ्याच सापडतील. हवं तर अशा नोंदी शोधून काढणारी क्वेरी लिहून देतो.

नवी_लीड | बुधवार, सकाळी १०:२०

तुमचा प्रतिसाद सकाळी त्यालाच दाखवला. तो खरंच अडकलेल्याच नोंदी बघत होता. अर्जांचे क्रमांक तारखेच्या ओळीने दिलेले असतात, त्यावरून उरलेल्या तारखांचा ताळा घेता येईल असं त्याचं म्हणणं आहे. क्वेरी आज तो स्वतः लिहितोय, तो सीनियर तपासून देणार आहे. अडला तर तोच इथे येऊन तुम्हाला विचारेल.