मदत हवी आहे: वाशी-कोपरखैरणे बाजूला एए (अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, दारू सोडणाऱ्यांचा गट) मीटिंग, संध्याकाळची

तुषार_के
वाशी, कोपरखैरणे, घणसोली या पट्ट्यात संध्याकाळी सातनंतर एएची मीटिंग कुठे असते? नेटवर मिळालेल्या पत्त्यावर काल जाऊन आलो, शाळेच्या गेटला कुलूप, वॉचमन म्हणाला इथे असलं काही नसतं. मराठीत असेल तर बरं, हिंदी पण चालेल. फी किती, आधी नाव नोंदवावं लागतं का, सोबत कोणी आत बसलं तर चालतं का? जरा लवकर सांगा, आज-उद्यातच जायचंय.

माई_वाशी
कोणासाठी विचारताय? स्वतःसाठी की घरातल्या कोणासाठी? त्यावर पुढचं सगळं ठरतं.

ऐरोलीचा_एक
मी स्वतः एएमध्ये आहे. फी नाही, नोंदणी नाही, आडनाव कोणी विचारत नाही. पिणं थांबवायची इच्छा हवी, बास. शेवटी पैशासाठी थैली फिरते, नवीन माणसाने काही टाकलं नाही तरी चालतं. जागा उसन्या असतात, शाळेचा वर्ग नाहीतर चर्चचा हॉल, त्यामुळे गट हलतात आणि नेटवर जुना पत्ता राहतो. एए इंडियाच्या साइटवर हेल्पलाइन नंबर आहे, त्यावर फोन करून आजची मीटिंग विचारा. आणि "ओपन" आहे का तेही विचारा, ओपनला सोबतचा माणूस बसू शकतो, क्लोज्डला फक्त ज्यांना स्वतःला दारू सोडायची आहे तेच.

घणसोली_पाटील
मीटिंगांनी काही होत नाही. सरळ मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात टाका. १९८६ पासून चालू आहे पुण्यात, अवचटांनी काढलेलं. माझा मेव्हणा तिथूनच सुधारला, आधी मीटिंगला जायचा आणि येताना क्वार्टर मारून यायचा.

ऐरोलीचा_एक
पाटील, "टाका" काय? माणूस आहे तो. मुक्तांगण चांगलंच आहे, पण तिथून घरी आल्यावर संध्याकाळी सात वाजता तो कुठे जाणार? तेव्हा ही मीटिंगच लागते. मेव्हणा फॉलोअपला जातो ना अजून?

घणसोली_पाटील
जातो. पण आधी अ‍ॅडमिट झाला म्हणून जातो.

सोनल_ठाणे
नौपाड्यात आयपीएच आहे, डॉ. आनंद नाडकर्णींची मानसिक आरोग्याची संस्था, तिथे आधी समुपदेशकाशी बोला. ट्रान्सहार्बर लोकलने ठाण्याला उतरायचं, पण संध्याकाळची गर्दी बघता सकाळची वेळ घ्या.

गणेश_सानपाडा
एएत प्रार्थना म्हणायला लावतात म्हणे. धर्म बदलायचा प्रकार नाही ना?

ऐरोलीचा_एक
नाही हो. १९३५ला अमेरिकेत अ‍ॅक्रन गावात दोन दारुड्यांनी एकमेकांना सावरत सुरू केलेलं आहे हे, भारतात १९५७ पासून. देव ज्याला जसा समजतो तसा. आमच्यात माळकरी आहेत आणि काहीच न मानणारेपण आहेत.

राजू_दिघा
एवढी झंझट कशाला, पावडर मिळते, चहातून न सांगता द्यायची, आपोआप सुटते.

सिस्टर_नेरुळ
कृपा करून असं काही करू नका!! त्यात डायसल्फिरम हे दारू सोडवायचं औषध असू शकतं, माहीत नसताना वर दारू प्यायली तर बीपी पडतं, जीव जाऊ शकतो. हे औषध पेशंटला सांगून आणि डॉक्टरच्या देखरेखीखालीच देतात.

तुषार_के
अरे मी फक्त पत्ता विचारला होता. मोठ्या भावासाठी पाहिजे. दादा स्वतः तयार झालाय, परवा रात्रीपासून एक थेंब घेतलेला नाही. फक्त हात फार थरथरतात, घाम येतोय, झोप नाही, काल रात्री भिंतीवर मुंग्या आहेत म्हणत होता. वहिनी म्हणते तापाने असेल. या अवस्थेत मीटिंगला नेलं तर लोक काही बोलणार नाहीत ना?

सिस्टर_नेरुळ
तुषार, मीटिंग राहू दे, आत्ता उठा आणि दादांना हॉस्पिटलमध्ये न्या. रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम सोडली की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हे होतं, फिट येऊ शकते, भ्रम वाढतो, जिवावर बेततं. वाशीला मनपाच्या हॉस्पिटलमध्ये कॅज्युअल्टीला जा, गाडी नसेल तर १०८. रोज किती प्यायचे आणि शेवटची कधी घेतली ते खरं सांगा, लाजू नका, औषधं त्यावरच ठरतात. घरातल्या झोपेच्या गोळ्या देऊ नका.

घणसोली_पाटील
मी मघापासून अ‍ॅडमिटच म्हणतोय.

सिस्टर_नेरुळ
तुम्ही व्यसनमुक्तीबद्दल म्हणत होता. ही इमर्जन्सी आहे. ते नंतर ठरवू.

माई_वाशी
तुषार, पोचलास की दोन ओळी टाक. आणि वहिनीसाठी सांगते, अल-अ‍ॅनॉन म्हणून घरच्यांचा वेगळा गट असतो, त्याचीपण फी नसते. आमच्या यांनी दारू सोडायच्या बऱ्याच आधी मी जायला लागले. बाटल्या शोधणं, वास घेणं, ऑफिसात खोटे फोन करणं, हे सगळं मी संसार म्हणून करत होते, तिथे बसलेल्या बायका पण तेच करून आलेल्या. मी खोटे फोन करायचं थांबवलं तेव्हा घरात खूप भांडणं झाली, पण मला रात्रीची झोप लागायला लागली. वहिनीला सांग, दादा बरा होईपर्यंत थांबायची गरज नाही.

तुषार_के
अ‍ॅडमिट केलंय. सलाइन आणि इंजेक्शन चालू आहे, डॉक्टर म्हणाले आणलंत ते बरं केलंत, काही दिवस ठेवतील. वहिनी बाहेर बसलीय, माईंचा मेसेज तिला वाचून दाखवला, तिला वाशीतल्या गटाची वेळ हवीय. दादा मधेच मला विचारतो मीटिंगचं काय झालं.

माई_वाशी
वेळ मेसेज करते. पहिल्या दिवशी मी तिला घरी घ्यायला येईन, एकटीला पाठवू नकोस.

ऐरोलीचा_एक
डॉक्टरांना विचार, ते हो म्हणाले की मी आणि आमच्या गटातला अजून एक जण दादाला भेटायला वॉर्डात येतो. सुटल्यावर पहिल्या मीटिंगलाही आम्हीच सोबत नेऊ. वॉर्ड इथे लिहू नकोस, मेसेज कर.