टाइल लावणाऱ्या मिस्त्रीशी मापावरून वाद, तातडीने मदत हवी आहे

वैतागवाडी:
बाथरूमच्या टाइल बदलून घेतल्या. ५० रुपये चौरस फूट ठरलं होतं. माझ्या मापाने २०३ फूट होतात, मिस्त्री २६१ म्हणतोय. वर तोडफोड आणि राडारोड्याचे ४,००० वेगळे. असं कुठे असतं का? उद्या सकाळी हिशेबाला येतोय. लवकर सांगा.

ओळंबा:
काम अंगावर (ठरलेल्या मापाच्या रेटने) दिलं होतं की हजेरीवर (रोजाने)? मटेरियल कुणाचं? उचल किती दिलीत? टाइल किती उंचीपर्यंत? हे कळल्याशिवाय कोण काय सांगणार?

वैतागवाडी:
अंगावरच. मजुरीचा रेट, हे उघड आहे ना! ५० रुपयांत टाइल कोण देतंय? सगळं मटेरियल मी आणून दिलं. बाथरूम ५ बाय ७, टाइल ७ फुटांपर्यंत. भिंती १६८, जमीन ३५. झाले २०३. ८,००० दिलेत.

मेधा_के:
म्हणून आम्ही सगळं एकाच इंटिरिअरवाल्याला दिलं. थोडे जास्त गेले, पण कटकट नाही. हवा असेल तर नंबर देते, पण तो फक्त ठाण्यात कामं घेतो.

खडूस_काका:
आता एक रुपया देऊ नका. त्याचं कटर मशीन घरात असेल तर ठेवून घ्या. आपोआप मापावर येतो.

गवंडीपुत्र:
काका, माझ्या वडिलांचं असंच मशीन एका साहेबांनी अडकवलं होतं. त्या आठवड्यात दुसरीकडची हजेरी बुडाली. हिशेबाचं भांडण हिशेबात ठेवा, हत्याराला हात लावू नका.

खडूस_काका:
आणि आमचे पैसे घेऊन गायब होतात तेव्हा?

ओळंबा:
वैतागवाडी, तुम्ही दार वजा केलं नाहीये. अडीच बाय सात म्हणजे साडेसतरा फूट. तुमचेच १८५ होतात.

नियमावली:
वजावट इतकी सरळ नसते. आयएस १२०० या बांधकाम मोजणीच्या भारतीय मानकाप्रमाणे अर्ध्या चौरस मीटरपर्यंतच्या उघड्या जागेची वजावट होत नाही, त्यापुढे ३ चौरस मीटरपर्यंत एकाच बाजूची होते.

ओळंबा:
ते प्लास्टर आणि रंगाला, कारण भिंतीच्या दोन्ही बाजू मोजलेल्या असतात. टाइल एकाच बाजूला आहे. दाराला टाइल लावली नाही, दाराचे पैसे नाहीत.

नियमावली:
ठीक. पण ग्राहक आयोगात तक्रार करता येते. ई-जागृती या सरकारी पोर्टलवर घरबसल्या होते, ५ लाखांपर्यंत फी नाही.

गवंडीपुत्र:
२,९०० रुपयांच्या फरकासाठी?

बे_एरियावाला:
इकडे कॅलिफोर्नियात घरकामाच्या कंत्राटाला कंत्राटदार १० टक्के किंवा १,००० डॉलर, यातलं जे कमी, त्याहून जास्त डाउन पेमेंट घेऊच शकत नाही. भारतात असा कायदा का नाही?

खडूस_काका:
तिकडे बाथरूमच्या टाइल बदलायला किती लागतात तेही लिहा.

गवंडीपुत्र:
मूळ मुद्द्यावर या. २६१ हा आकडा भिंतीला टेप लावून आलेला वाटत नाही. टाइल कुठल्या मापाची आणि बॉक्स किती आणलेत?

वैतागवाडी:
१२ बाय १८ इंच. बॉक्समध्ये ६. एकूण २९ बॉक्स.

गवंडीपुत्र:
बघा. एक टाइल दीड फूट, बॉक्स नऊ फूट, २९ नवे २६१. त्याने भिंत मोजलीच नाही, बॉक्स मोजलेत. उरलेत का काही?

वैतागवाडी:
दोन माळ्यावर पडलेत, न फोडलेले. त्याचेही पैसे लावले?? उद्या बघतोच.

ओळंबा:
थांबा. दोन गेले तरी २७ बॉक्स म्हणजे २४३ फूट. १८५ फुटांच्या कामात कटिंगमध्ये ५८ फूट जात नाहीत. आणखी कुठे लावल्यात?

वैतागवाडी:
सुक्या बाल्कनीत तीन फुटी पट्टा आहे, दार सोडून १४ फूट लांब. ते बाथरूमबरोबरच बोलणं झालं होतं, म्हणून वेगळं लिहिलं नाही.

ओळंबा:
वेगळं लिहिलं नाही! अहो, ते ४२ फूट आहेत. १८५.५ अधिक ४२, पकडा २२८. उरलेले १५ कटिंगमध्ये गेले, ते बरोबर आहे. २२८ चे ११,४०० होतात, ८,००० वजा जाता ३,४०० देणं. तुमचाही आकडा नाही, त्याचाही नाही. टेप त्याच्याच हातात द्या आणि त्याच्यासमोर कागदावर लिहा.

मेधा_के:
आणि पैसे द्यायच्या आधी प्रत्येक टाइल नाण्याने वाजवून बघा. पोकळ आवाज आला तर खाली माल नीट भरलेला नाही. बादलीभर पाणी ओता, नहाणी ट्रॅपकडे (जमिनीतल्या जाळीकडे) जातं का बघा. आमच्याकडे कमोडमागे साचायचं.

वैतागवाडी:
ते केलं, उतार बरोबर आहे. ४,००० चं बोला. तोडफोड टाइलच्या रेटमध्ये धरतात ना?

गवंडीपुत्र:
नाही धरत, बोलून घेतलं नसेल तर. जुन्या टाइल काढणं हे बिगाऱ्याचं काम, लावणं कारागिराचं. कितवा मजला?

वैतागवाडी:
चौथा. राडारोडा लिफ्टमधून न्यायला आमची सोसायटी देत नाही, तो जिन्यानेच उतरवला.

गवंडीपुत्र:
चार मजले, डोक्यावर पोती! मग ४,००० काय जास्त मागितले?

खडूस_काका:
ठरलं नव्हतं ना? मग २,००० च्या वर देऊ नका. कामाआधी तोंड उघडायला काय झालं होतं त्याला?

गवंडीपुत्र:
ह्यांनी तरी उघडलं होतं का?

बे_एरियावाला:
लिफ्ट बंद ठेवणाऱ्या सोसायटीचा वेगळा धागा हवा. मेंटेनन्स घेतात आणि...

वैतागवाडी:
मापाचं पटलं, सकाळी त्याच्यासमोर मोजतो. तोडफोडीला अडीच हजार म्हणणार, तीनच्या वर जाणार नाही.

नवीनच_आलोय:
माझा रंगाऱ्याशी असाच वाद चालू आहे, तो खिडक्या वजा करत नाहीये. इथेच विचारू की वेगळा धागा काढू?