लिव्हिंग वेजला 'निर्वाह वेतन' म्हणायचं का?

रानमेवा: लंडनच्या सफाई कामगारांवरचा एक लेख मराठीत करतेय. 2001 साली पूर्व लंडनमधून लिव्हिंग वेजची, म्हणजे नीट जगता येईल इतक्या पगाराची, मोहीम सुरू झाली. तिथे 'निर्वाह वेतन' लिहून पुढे गेले, ती 2016 वर येऊन अडकले. त्या वर्षी ब्रिटिश सरकारने पंचवीस आणि त्यापुढच्या वयाच्यांच्या किमान वेतनालाच 'नॅशनल लिव्हिंग वेज' असं नाव दिलं. तासाला 7.20 पौंड. मोहिमेचा लंडनसाठीचा आकडा तेव्हा 9.40 होता. आता 'राष्ट्रीय निर्वाह वेतन निर्वाह वेतनापेक्षा कमी आहे' असं लिहू? वाचक मलाच वेड्यात काढतील.

पाटीपुस्तक: खुशाल लिहा. घोळ तिथल्या सरकारचा, तुमचा नाही. निर्वाह वेतन हा आपल्या संविधानातला शब्द आहे, अनुच्छेद 43.

जुनाट: त्याच अनुच्छेदात चांगलं राहणीमान आणि फुरसतही आहे हो. 'निर्वाह'मध्ये ती कुठे दिसते? निलंबित होतो तेव्हा सात महिने 'निर्वाह भत्ता' घेतलाय, निम्मा पगार. हा शब्द ऐकला की मला वाण्याची वही दिसते.

भाकरतुकडा: माझे आजोबा एका पेढीवर पोटावारी होते. दोन वेळचं जेवण आणि दिवाळीला धोतरजोडी, रोख काही नाही. निर्वाह झालाच की त्यांचा! 'जगण्यापुरता' आणि 'जगण्याजोगा' यात फरक आहे. मी 'जगण्याजोगा पगार' म्हणेन.

पाटीपुस्तक: पगार पोर्तुगीज आहे. कौटिल्यापासून चालत आलेलं 'वेतन' असताना तो कशाला?

टमरेल: गिरणीच्या फाटकावर वसुलीला उभा असलेला पठाण 'वेतन झालं का' असं विचारायचा वाटतं?

जुनाट: तसं पाहिलं तर आपलं 'किमान'सुद्धा अगदीच किमान नव्हतं. 1957 च्या भारतीय श्रम परिषदेने प्रौढ माणसाला दिवसाला 2700 कॅलरी, चौघांच्या कुटुंबाला वर्षाला 72 वार कापड, शिवाय घरभाडं, इंधन असं सगळं त्यात धरलं होतं. कागदावर.

टमरेल: 72 वारांत नऊवारी आठच बसतात. नवऱ्याने काय नेसायचं?

रानमेवा: उद्या लेख द्यायचाय. 2016 च्या त्या वाक्याचं काय करू?

भाकरतुकडा: हा 'वार' 'यार्ड'वरून आला का हो? आजी कापड हातानेच मोजायची.

पाटीपुस्तक: हाताने मोजलं तर तो 'हात'. वार वेगळा.