डोहाळजेवण, सोनोग्राफीचा फोटो आणि एक लिंक

सदनिका 302 : नमस्कार. रविवारच्या डोहाळजेवणासाठी काकू आणि वहिनी करत असलेल्या धावपळीबद्दल मनापासून आभार. मात्र सोनोग्राफीचा फोटो चढवला की मुलगा की मुलगी हे सांगणाऱ्या संकेतस्थळाची लिंक काल ग्रुपवर आली असून, माझा फोटो तिथे टाकून पाहावा असे दोघांनी सुचवले आहे. तसे कृपया कोणी करू नये आणि लिंक काढून टाकावी.

सदनिका 104 : अगं, त्यात गमतीपलीकडे काही नव्हते. पेढा की बर्फी आपल्याकडे कायम चालत आले आहे. आता तेही बंद करायचे का?

सदनिका 501 : वहिनी, वाट्या अवश्य झाकून ठेवा, कारण तिथे गर्भाची तपासणी कोणी करत नाही. (बर्फी थोडी जास्त असावी, एवढीच माझी सूचना.) लिंकचे तसे नाही. गर्भलिंग निदानाला आळा घालणारा देशातला पहिला कायदा महाराष्ट्राने 1988 मध्ये केला, 1994 मध्ये केंद्राचा आला, आणि त्याच्या कलम 22 नुसार अशा सोयीची जाहिरात इंटरनेटवरूनही प्रसिद्ध करणे किंवा पसरवणे हा 3 वर्षांपर्यंत कैद आणि 10,000 रुपयांपर्यंत दंडाचा गुन्हा आहे. सर्वोच्च न्यायालयाने 2016 मध्ये गूगल, याहू आणि मायक्रोसॉफ्ट यांना, केंद्राच्या यंत्रणेने कळवल्यापासून 36 तासांत अशा जाहिराती हटवण्याचे आदेश दिले होते. लिंक पाठवणाऱ्या प्रत्येकाला अटक होईल असे मी म्हणत नाही; पण वकिलीतून निवृत्त झालेला माणूस असल्या वादात स्वतःहून पडणार नाही.

सदनिका 203 : शिवाय सोनोग्राफीच्या छापील प्रतीवर बहुधा नाव, तारीख आणि केंद्राचे नाव असते. ते कोणाच्या हाती जाईल, हे कसे कळणार?

सदनिका 302 : तीच भीती आहे. एका ॲपवर प्रसूतीची संभाव्य तारीख भरल्यापासून नाळेचे रक्त साठवणाऱ्या कंपन्यांचे फोन थांबत नाहीत.

सदनिका 501 : 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियमात, दिलेली संमती मागे घेणे हे ती देण्याइतकेच सोपे असले पाहिजे, अशी तरतूद आहे. नियम नोव्हेंबर 2025 मध्ये आले, परंतु मुख्य तरतुदींसाठी 18 महिन्यांची मुदत ठेवली गेली. तोवर ॲपमधील खाते काढून टाकण्याची लेखी मागणी करावी आणि नको असलेल्या जाहिरातींच्या फोनची तक्रार 1909 वर नोंदवावी. घरगुती कारणासाठी माहिती वापरणाऱ्या व्यक्तीला हा कायदा लागू नाही. म्हणजे आपण ग्रुपवर तिचा फोटो फिरवला तर त्याच्या आधारे ती आपल्याला अडवू शकणार नाही, म्हणून तिला विचारल्याशिवाय तो फिरवू नये.

सदनिका 104 : लिंक काढली आहे. माझ्याकडे ती माहेरच्या ग्रुपवरून आली होती. तिथेही हे सगळे आत्ताच कळवले.